रोगांच्या नोंदींची समान भाषा

पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी ‘अमुक गावात घटसर्प आला आहे’ अशी वार्ता येऊन पोहोचली, तर ती ऐकणारा प्रत्येक जण तिचा एकच अर्थ करील असे नाही. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे उभे राहील ते घशात करड्या रंगाचा पडदा धरलेले आणि श्वासासाठी धडपडणारे मूल. पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्याला आठवेल ती गळ्याला सूज आलेली, अंगात ताप भरलेली आणि दिवसा-दोन दिवसांत दगावणारी म्हैस. दोघांपैकी कोणीही चुकत नाही. मराठीत हे एकच नाव दोन सर्वस्वी भिन्न रोगांना मिळालेले आहे. त्यांचे जंतू वेगळे आहेत, लशी वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

याच्या उलट प्रकारही आढळतो. गुरांच्या तोंडात व खुरांत फोड आणणाऱ्या एकाच रोगाला मराठी शेतकरी लाळ-खुरकूत म्हणतो, हिंदी भाषक खुरपका-मुँहपका म्हणतो आणि कर्नाटकात तोच रोग कालुबायी या नावाने ओळखला जातो. व्यवहारात यामुळे फारसे अडत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच गावचे असतात. परंतु शेकडो तालुक्यांतून आलेल्या नोंदी एकत्र करून त्यांची बेरीज करावयाची म्हटली, की हा साधा भाषिक प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनतो. ज्या वस्तूंची नावे निश्चित नाहीत त्यांची मोजदाद करता येत नाही, आणि ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी लस किती पाठवावी, कोठे पाठवावी आणि केव्हा पाठवावी हे कोणालाच सांगता येत नाही.

येलहंका येथील संस्था

हा प्रश्न ज्या संस्थेच्या रोजच्या कामाचा भाग आहे, अशी एक संस्था बेंगळुरू शहराच्या उत्तर भागात येलहंका येथे आहे. सोळाव्या शतकात बेंगळुरूचा पाया घालणारा केंपेगौडा हा येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या घराण्यातला. त्या जुन्या गावाच्या परिसरात, रामगोंडनहळ्ळी येथे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पशुरोग जानपदिक व सूचना विज्ञान संस्था काम करते. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘निवेदी’ असे म्हणतात. १९८७ मध्ये, सातव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, पशुरोगांच्या देखरेखीसाठी एक अखिल भारतीय समन्वित प्रकल्प म्हणून या कामास आरंभ झाला. २००० मध्ये त्याला प्रकल्प संचालनालयाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय संस्थेचे आजचे स्वरूप प्राप्त झाले.

या संस्थेचे एक महत्त्वाचे कार्य म्हणजे पशुरोगांचे पूर्वानुमान. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या मागील वर्षांच्या रोगनोंदी, पाऊस, तापमान, हिरवळीचे प्रमाण आणि जनावरांची संख्या यांची सांगड घालून, पुढील दोन महिन्यांत कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग उद्भवण्याचा संभव आहे याचा अंदाज तेथे जिल्हावार वर्तवला जातो. हवामानखात्याच्या अंदाजासारखेच हे काम आहे. मात्र एक मोठा फरक ध्यानात घेतला पाहिजे. पाऊस मोजण्याचे भांडे सर्वत्र एकाच मापाचे असते. रोग मोजण्याचे भांडे आधी सर्वांनी मिळून घडवावे लागते. ते प्रत्येक जिल्ह्यात निराळ्या मापाचे असेल, तर गणित कितीही सूक्ष्म असो आणि संगणक कितीही वेगवान असो, हाती येणारे उत्तर विश्वासार्ह ठरणार नाही.

हे भांडे घडवणे म्हणजेच नोंदींचे प्रमाणीकरण. प्रमाणीकरण या शब्दाने यंत्रांची व तंत्रज्ञांची आठवण होते. वस्तुतः तो माणसामाणसांतील एक करार आहे. प्रत्येक नोंदीने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि त्या प्रश्नांचा अर्थ काय, एवढेच या करारात ठरवावयाचे असते. असे प्रश्न मुख्यतः पाच आहेत.

काय झाले?

पहिला प्रश्न रोगाच्या नावाचा. जगातील राष्ट्रांनी यावर एकोणिसाव्या शतकातच विचार सुरू केला होता. मृत्यूच्या कारणांची बर्टिलाँ यांनी तयार केलेली यादी १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने स्वीकारली. तिच्यातूनच पुढे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण विकसित झाले. त्याच्या दहाव्या आवृत्तीत मुलांच्या घटसर्पाला ‘ए ३६’ हा संकेतांक आहे. डॉक्टरांनी मराठीत, कन्नडमध्ये अथवा इंग्रजीत काहीही लिहिले, तरी हा संकेतांक जोडला की घोटाळा उरत नाही. या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे.

तथापि, नाव ठरले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते नाव किती खात्रीने दिले आहे हेही कळावे लागते. गावात हिंडणाऱ्या आरोग्यसेविकेने ताप व पुरळ पाहून केलेला तर्क, वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून केलेले निदान आणि प्रयोगशाळेने नमुना पारखून दिलेला निर्वाळा या तीन निराळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये आपल्या देशात सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने यासाठी तीन स्वतंत्र प्रपत्रे ठरवली: संशयितांचे एक, संभाव्य रुग्णांचे दुसरे आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्यांचे तिसरे. या व्यवस्थेत तर्काला मान आहे, पण त्याला पुराव्याच्या रकान्यात बसू दिलेले नाही.

शब्दांचे आणखी एक कोडे येथे नमूद केले पाहिजे. पशुरोगांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एखाद्या कळपात किंवा गावात एक जरी जनावर बाधित झाले, तरी त्याला ‘उद्रेक’ म्हणता येते. माणसांच्या बाबतीत, अपेक्षेपेक्षा अधिक रुग्ण आढळले तर सामान्यतः ‘उद्रेक’ मानतात. दोन्ही खात्यांनी आपापल्या परीने बरोबर भरलेली कोष्टके शेजारी ठेवली आणि ‘उद्रेकांची संख्या’ या रकान्याची तुलना केली, तर निष्कर्ष मात्र चुकीचा निघेल.

कोठे झाले?

दुसरा प्रश्न स्थळाचा. तो दिसतो तितका सोपा नाही. येलहंक्याचेच उदाहरण घ्या. येथे स्वतंत्र नगरपरिषद होती. २००७ मध्ये ती बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली. आणि २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेच्या जागी पाच नव्या महानगरपालिका आल्या. गाव जागचे हलले नाही, परंतु कागदावरील त्याचा पत्ता बदलत राहिला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंगलोरचे बेंगळुरू झाले, त्याच दिवशी बेळगावचे बेळगावी आणि शिमोग्याचे शिवमोग्गा झाले. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा करण्यात आला. २०१३ व २०१५ या वर्षांतील ठाण्याचे आकडे जो समोरासमोर मांडील, त्याला रोग एकाएकी ओसरल्याचा भास होईल. प्रत्यक्षात ओसरलेला असतो तो जिल्ह्याचा विस्तार.

यावर उपाय एकच: प्रत्येक गावाला नावाखेरीज एक कायमचा क्रमांक असावा. जनगणनेने गावांना असे क्रमांक दिले आहेत, आणि पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावोगावचे संकेतांक आहेत. नावाचे शुद्धलेखन बदलले किंवा जिल्हा बदलला, तरी क्रमांकाच्या आधारे जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडता येते.

केव्हा झाले, आणि कितींपैकी?

तिसरा प्रश्न काळाचा. एका रुग्णाच्या बाबतीत निदान चार तारखा संभवतात: दुखणे सुरू झाल्याची, दवाखान्यात आल्याची, निदान झाल्याची आणि वर कळवल्याची. साथीचा माग काढणाऱ्याला मुख्यतः पहिली हवी असते. कार्यालयाच्या वहीत पुष्कळदा शेवटचीच असते. तारीख लिहिण्याची पद्धतही ठरवावी लागते. ०५-०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे, हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर सोडून चालत नाही. आधी वर्ष, मग महिना आणि मग दिवस असा क्रम आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये ठरवून दिला, तो याच अडचणीमुळे.

चौथा प्रश्न बहुधा विसरला जातो. समजा, दोन तालुक्यांत प्रत्येकी चाळीस जनावरे दगावली. एका तालुक्यात चार हजार जनावरे आहेत आणि दुसऱ्यात चाळीस हजार. दोन्हीकडचे दुःख सारखे असले, तरी संकट सारखे नाही. म्हणून मृतांच्या आकड्याखाली एकूण संख्या लिहावी लागते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन होते. पशुगणनेला रोगाच्या कामात एवढे महत्त्व आहे, ते या छेदामुळे.

शून्याची किंमत

पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे: काहीच घडले नाही, हे कोणी कळवले काय? एखाद्या जिल्ह्याच्या रकान्यात काही लिहिलेले नसेल, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, तेथे शोध घेतला आणि रोग आढळला नाही. दुसरा, तेथे कोणी शोधच घेतला नाही. पहिल्याला शून्य म्हणतात, दुसऱ्याला अज्ञान. दोहोंसाठी कागदावर एकच कोरी जागा सोडणे यासारखी दुसरी घातक चूक नाही.

बुळकांडी या गुरांच्या महाभयंकर रोगाचा इतिहास याची साक्ष देतो. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली असता त्यांच्यामुळे तेथे बुळकांडी पसरली. या आपत्तीनंतर राष्ट्रांनी एकमेकांना पशुरोगांची खबर द्यावी या हेतूने १९२४ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज ती जागतिक पशुस्वास्थ्य संघटना या नावाने ओळखली जाते. भारतात या विषयाचे संशोधन त्याहून जुने आहे. १८८९ मध्ये पुण्यात पशुरोगांची प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बुळकांडीच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेण्यात आली. लसीकरणाने रोग मागे हटला, परंतु पुरता जाईना. दरम्यान नावाचा प्रश्नही उद्भवला. १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर या गावी मेंढ्यांमध्ये दिसलेला रोग बुळकांडीसारखा वाटत होता. तपासाअंती तो तिच्याच कुळातील परंतु निराळ्या विषाणूचा निघाला. दोन्ही रोग एकाच नावाखाली नोंदले जात राहिले असते, तर बुळकांडी गेली असे कधीच म्हणता आले नसते. १९९२ पासून मोहिमेच्या नव्या टप्प्यात गावोगाव रोगाचा शोध आणि रक्ताच्या नमुन्यांची तपासणी यांवर भर देण्यात आला. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मधला. पुढे जे सिद्ध करावयाचे होते ते रोगाचे अस्तित्व नसून त्याचा अभाव होता, आणि अभाव सिद्ध करण्यासाठी ‘शोधले, आढळले नाही’ अशा असंख्य नोंदींचा आधार लागतो. २००४ मध्ये भारताला रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त असा दर्जा मिळाला. २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी नष्ट झाल्याची घोषणा करण्यात आली. देवीनंतर मानवाने समूळ उखडलेला हा दुसरा रोग.

काजूच्या बागेतील ताप

आतापर्यंत एका खात्याच्या नोंदींचा विचार केला. जेव्हा अनेक खाती आणि अनेक राज्ये यांचा संबंध येतो, तेव्हा प्रमाणीकरणाची खरी कसोटी लागते. माकडतापाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधून काढला. गोचिडांच्या चाव्यातून तो माकडांना व माणसांना होतो. दीर्घकाळ हा रोग कर्नाटकाच्या मलनाड भागापुरता मर्यादित मानला जाई. परंतु २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, केर या गावी, तो प्रकट झाला.

या रोगात मेलेले माकड हीच पहिली सूचना असते. ते दिसते रानात जाणाऱ्या गावकऱ्याला. त्याची खबर जाते वनखात्याकडे. शवाची तपासणी करतो पशुवैद्य. आणि तापाचा रुग्ण येतो आरोग्यखात्याच्या दवाखान्यात. तीन खात्यांच्या तीन वह्यांतील या नोंदी एकाच स्थळाच्या व एकाच आठवड्याच्या आहेत, हे ताबडतोब लक्षात आले तरच आसपासच्या वाड्यांतील माणसांना वेळेवर सावध करता येते. वनखात्याच्या वहीत वनाच्या विभागाचे नाव, पशुवैद्याच्या वहीत दवाखान्याचे आणि डॉक्टरांच्या वहीत रुग्णाच्या गावाचे नाव असेल, तर या तीन नोंदींची गाठ पडत नाही.

२०१६ मध्ये बेळगाव भागातून काजूच्या हंगामासाठी गोव्यात गेलेल्या मजुरांना हा ताप जडल्याचे आढळून आले. अशा मजुराचे घर एका राज्यात, त्याला गोचीड चावते दुसऱ्या राज्यात आणि औषधपाणी होते ते बहुधा घराजवळ. वहीत ‘गाव’ असा एकच रकाना असेल, तर तेथे त्याच्या घराचे नाव लिहिले जाईल. मग फवारणी करणारे जातील त्याच्या घरी, जेथे रोग नाही. आणि ज्या बागेत उरलेले मजूर अजून काम करीत आहेत, तिकडे कोणी फिरकणार नाही. राहण्याचे ठिकाण, संसर्ग झाल्याचे संभाव्य ठिकाण आणि निदानाचे ठिकाण असे तीन रकाने करणे ही कारकुनी बारीकसारीक बाब वाटते. त्या बागेतील मजुरांच्या दृष्टीने ती जीवनमरणाची बाब असते.

५ एप्रिल २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर आज माणसांच्या रोगांची माहिती संगणकाद्वारे त्वरित पोहोचू शकते. पशूंच्या बाबतीत, कानात बारा अंकी बिल्ला टोचून प्रत्येक जनावराला ओळख देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. साधने वाढली, परंतु एका यंत्रणेतील ‘गाव’ आणि दुसऱ्या यंत्रणेतील ‘गाव’ एकच आहे किंवा नाही, हे माणसांनी बसून ठरवावेच लागते.

नोंद करणाऱ्याचा विचार

शेवटी, ज्याच्या हातून ही नोंद व्हावयाची त्याचा विचार केला पाहिजे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. कायदा कर्तव्य सांगतो. मात्र कळवल्यानंतर बाजार बंद होईल, जनावर विकले जाणार नाही, अशी भीती मालकाला वाटते. अधिकाऱ्याचीही एक अडचण असते. जो जिल्हा कसोशीने शोध घेऊन प्रत्येक प्रकरण कळवतो, त्याचे आकडे फुगतात आणि नकाशावर तो लाल दिसतो. जो कळवतच नाही, तो हिरवा राहतो. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा होत असेल, तर उत्तमातले उत्तम प्रपत्रही कोरे राहील.

म्हणून समान मानके ठरवताना तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, विचारावे तेवढेच, जेवढे कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे. साठ रकान्यांचे प्रपत्र अंदाजाने भरले जाते, दहा रकान्यांचे विचाराने. दुसरे, रोगाची नोंद सर्वांना उपलब्ध असावी, रोग्याचे नाव नव्हे; गावाच्या क्रमांकावर काम भागत असेल तेथे माणसाची ओळख पुढे पाठवू नये. तिसरे, वर गेलेली माहिती खाली परत यावी. ज्या पशुवैद्याला त्याने पाठवलेल्या नोंदींच्या आधारे तयार झालेला पूर्वानुमानाचा नकाशा वेळेवर मिळतो, आणि त्यानुसार पावसाळ्यापूर्वी लशीही मिळतात, त्याला नोंद का करावी हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

आरंभीच्या उदाहरणाकडे पुन्हा वळू. ‘गावात घटसर्प आला’ ही वार्ता आल्यावर जाणता कार्यकर्ता लगेच धावपळ करीत नाही आणि दुर्लक्षही करीत नाही. तो विचारतो: मुलाला की म्हशीला? कोणी पाहिले? कोणत्या वाडीत? कधीपासून? कितींपैकी किती? आणि शेजारच्या वाडीत चौकशी केली काय? रोगनोंदींचे सारे प्रमाणीकरण या साध्या प्रश्नांत सामावलेले आहे. हे प्रश्न प्रत्येक खात्यात, प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक भाषेत त्याच अर्थाने विचारले जावेत, एवढीच त्याची मागणी आहे. ती पुरी झाली तर एका वाडीतील अनुभव दुसऱ्या वाडीतील मुलाच्या किंवा म्हशीच्या प्राणरक्षणास उपयोगी पडतो.